आप्पांची गोळी आणि गावाचा कांदा

त्या वर्षी न्हावऱ्यात जवळजवळ महिनाभर कांद्याला भावच नव्हता. भाव पडला होता असं नव्हे. भाव चांगला होता. फक्त तो मी कापून नेला होता.

हे वाचून कुणाला वाटेल की मी मोठा व्यापारी असेन. तसं काही नाही. मी गावच्या दूध सोसायटीत कारकून. सकाळी लोक दूध घालायला येत, मी दुधातलं फॅट मोजायचो आणि पावत्या फाडायचो. माझ्या हातून गावाचं काही नुकसान होईल, असं माझ्याकडे बघून कुणालाही वाटलं नसतं. हीच तर माझी सोय झाली!

सुरुवात झाली आप्पांच्या गोळीपासून. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना ब्लडप्रेशर निघालं. एकदा कांद्याच्या वाफ्यात पाणी धरताना चक्कर येऊन ते बांधावर बसले ते उठेचनात. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ही गोळी रोज. न चुकता. आयुष्यभर. चुकवली तर लकवा मारेल, मग मला बोलायचं नाही."

आप्पांनी गोळीची किंमत विचारली आणि तिथंच त्यांचं प्रेशर आणखी वाढलं.

"एवढीशी गोळी! एवढ्या पैशात म्हशीला सरकी पेंड येती," ते म्हणाले. "आन् पेंड घातली तर म्हस दूध देती. ही गोळी घातल्यावर मी काय देणार हाय?"

मग ते एक दिवसाआड गोळी घेऊ लागले. पुढे दोन दिवसांआड. मग माझ्या बायकोला, सुमनला, एक दिवस त्यांच्या उशाखाली अडकित्ता सापडला. आप्पा सुपारी खात नाहीत! अडकित्त्याने गोळीचे तुकडे करून तो गृहस्थ एका गोळीत चार दिवस काढत होता.

मी आप्पांच्या पायाशी बसलो. रागावलो, विनवण्या केल्या, लकवा झालेल्या गावातल्या माणसांची नावं घेतली. आप्पांवर परिणाम शून्य. शेवटी म्हणाले, "तू माझा लेक असशील तर ही गोळी निम्म्या किमतीत आणून दाव. रोज खाईन. दिल्या शब्दाला जागंन. न्हाईतर माझा अडकित्ता आन् मी."

त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, आता काहीही होवो.

आणि देवच पावला म्हणायचं. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर एक नवं मेडिकल उघडलं होतं. त्याच्या मालकाने आमच्याकडे येणाऱ्या पेपरात योजना काढली. पेपरात रोज एक कुपन छापून येणार. ती कुपनं कापून तक्त्यावर चिकटवायची. दसऱ्यानंतरच्या शनिवारपर्यंत भरलेला तक्ता आणून दिला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं वर्षभर निम्म्या किमतीत!

तक्ता घेऊन आलो आणि बघतो तर काय, तो पेपरच्या अख्ख्या पानाएवढा मोठा आणि त्यावर खणच खण. रोज एक कुपन चिकटवलं असतं तर तक्ता भरायला पुढचा दसरा उजाडला असता. मालकाने हिशेब केला असणार की एवढी कुपनं जमवणारा माणूस पुणे जिल्ह्यात जन्मला नाही. त्याची माझी ओळख नव्हती.

आमच्या गावात पेपरचा गठ्ठा पहिल्या एसटीने यायचा आणि सोसायटीच्या कट्ट्यावर पडायचा. लोक दूध घालून झालं की आपापला पेपर घेऊन जायचे. म्हणजे गावातला प्रत्येक पेपर आधी माझ्यासमोरून जायचा. मी कात्री आणली. पण चोरी नाही हं केली! एकेकाला हात जोडून विचारलं.

"बबनमामा, हे औषधाचं कुपन कापून घेऊ का? आप्पांसाठी पाहिजे."

बबनमामा म्हणजे आमचे शेजारी. गावातल्या कांद्यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि हे ते स्वतःच सांगतात.

"काप की! त्याला काय इचारायचं? आप्पा तुझा बाप, तसा आमचा बी थोरला भाऊच हाय. रोज काप."

सगळ्यांनी असंच सांगितलं. न्हाव्याने सांगितलं, ग्रामपंचायतीच्या शिपायाने सांगितलं. कुणी म्हणालं, "दिलप्या, बापासाठी एवढं करणारा पोरगा राहिला न्हाई बघ आता." मला गहिवरून आलं. मी डोळे पुसत पुसत रोज सकाळी अख्ख्या गावाच्या पेपराला खिडक्या पाडू लागलो.

घरी संध्याकाळी सुमन गव्हाच्या पिठाची खळ करायची आणि आम्ही दोघं कुपनं चिकटवायचो. तक्ता भरत चालला. आप्पा लांबून बघायचे आणि अडकित्ता वाजवायचे.

इकडे कट्ट्यावर एक नवीन कुरबुर सुरू झाली.

"पेपरवाल्यांनी कांद्याचा भाव छापायचा बंद केला काय रं?" बबनमामा पेपर उलटापालटा करत होते.

"कालच्यात बी नव्हता."

"मागल्या पानावर असायचा की वो, खालच्या अंगाला!"

"तिथं तर भोक हाय."

"ते भोक न्हाई, ते औषधाचं कुपान हाय. दिलप्यानं कापलेलं. भाव कुठं गेला ते बोल!"

आणि चार शहाणी माणसं त्या भोकातून एकमेकांकडे बघत भाव शोधत राहिली. मीही शोधला! (मला खरंच माहीत नव्हतं. या एका वाक्यावर तरी विश्वास ठेवा.)

गावात तेव्हा मोबाईल आला नव्हता. एसटीडी बूथ होता, पण व्यापाऱ्याला फोन करून भाव विचारावा तर तो आधी "माल किती आहे?" विचारतो आणि मग त्याच्या सोयीचा भाव सांगतो. कांदा साठवणीच्या चाळीत पडून होता. विकावा की थांबावा, कळेना. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं तर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगे.

उलगडा केला सुमनने. खळ लावायला कुपन उलटं धरलं आणि म्हणाली, "अहो, हे मागं काय लिहिलंय? लाल कांदा, उन्हाळ कांदा..."

मी कुपन हातात घेतलं. दुसरं उलटलं. तिसरं उलटलं.  मेडिकलच्या जाहिरातीच्या बरोब्बर पाठीमागे, रेघ न चुकता, बाजारभावाचा चौकोन होता. अख्ख्या गावाचा महिनाभराचा भाव मी माझ्या घरी तोंडावर पालथा पाडून, खळीने चिकटवून ठेवला होता!

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा सगळ्यांना," सुमन म्हणाली.

मी तक्त्याकडे बघितलं. शेवटची एक ओळ राहिली होती. पलीकडच्या खोलीतून आवाज आला: कट्. आप्पांनी गोळीचा आणखी एक तुकडा पाडला.

"सांगणार," मी म्हणालो. "ही एक ओळ भरली की सांगणार."

"आणि तोवर लोकांनी काय करायचं?"

तोही उपाय माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी सोसायटी उघडायच्या आधी मी त्या दिवशीच्या कुपनामागचा भाव खडूने कट्ट्यावरच्या फळ्यावर लिहून ठेवला. खाली नाव नाही, काही नाही. निनावी समाजसेवा!

दूध घालायला आलेला पहिला माणूस फळ्यासमोर थांबला. दुसरा थांबला. मग बबनमामा आले.

"हे अक्षर दिलप्याचं हाय," ते म्हणाले.

"नाही, म्हणजे... व्हय," मी म्हणालो.

"पेपरात भाव न्हाई, आन् तुला कळला. कुठनं कळला?"

"असाच... ऐकला."

"कुणाकडनं?"

मी खडू खिशात घातला. बबनमामांनी माझ्या डोळ्यांत खोल बघितलं आणि मग सगळ्यांकडे वळून जाहीर केलं, "ह्याला व्यापाऱ्यानं फोडलाय!"

झालं! बापासाठी झटणारा पोरगा एका सकाळीत व्यापाऱ्यांचा दलाल झाला. काही लोक मला पावती दोन-दोनदा वाचून दाखवायला लावू लागले. मी फळा पुसला. कात्री मात्र सोडली नाही. भाव कापल्याचं कळलं असतं तर कुपन मिळालं नसतं. दलाल म्हटल्यावर लोक शिव्या देत होते, पण "आप्पाचं औषध हाय म्हून काप, तुझ्यासाठी न्हाई" असं म्हणून पेपर पुढे करत होते. तो चांगुलपणा बघून माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. पण कात्री चालत होती.

आणि तक्ता भरला! नेमका शेवटच्या मुदतीच्या आदल्या दिवशी.

शनिवारी पहाटेच्या एसटीने गुपचूप शिरूरला जायचं, तक्ता द्यायचा, गोळ्या आणायच्या आणि मग गावासमोर गुन्हा कबूल करायचा, असा माझा बेत होता. सकाळी आप्पा धोतर नेसून तयार.

"एसटीला कशाला पैसे घालायचे? बबन टेम्पो भरून निघालाय. गावातली समदी थोडा थोडा माल घेऊन चाललीत मार्केट यार्डात, खरा भाव काय हाय ते बघायला. मी आपल्या बी चार गोण्या टाकल्यात. चल त्यातच."

आता गुपचूप जाणं आलं कुठलं!  आणि तक्ता न्यायचा कसा? तक्त्यावर ठळक अक्षरांत सूचना होती: 'तक्ता दुमडू नये.' पिशवीत घातला असता तर तक्ता दुमडला असता. हातात धरला असता तर मी दुमडलो असतो. शेवटी सुमनने तो बाळंतिणीच्या पोटपट्ट्यासारखा माझ्या पोटाला गुंडाळला. कुपनं आतल्या बाजूला, म्हणजे कुणाला दिसायला नकोत. वर बनियन, वर सदरा.

"श्वास घेता येतोय का?" तिनं विचारलं.

"थोडा."

"बास झाला तेवढा."

टेम्पोत गोण्यांवर मी मधे, भोवती सगळे कांदेवाले. ऑक्टोबरचं ऊन, खाली गरम गोण्या आणि चोहोबाजूंनी भाषणं.

"भाव दाबणारा गावला ना, तर त्याला कांद्याच्या चाळीत कोंडून ठेवायचा," बबनमामा म्हणाले.

"कांद्याबरोबर नासू द्यायचा!"

"काय रं दिलप्या? लईच घाम फुटलाय तुला?"

"ऊन आहे ना मामा."

"आन् पोट का असं ताठ धरलंय?"

"गॅस," मी म्हणालो.

"ओवा खा," आप्पा म्हणाले. "त्याला चिठ्ठी लागत न्हाई."

शिरूर येईपर्यंत मी घामाने निथळत होतो. स्टँडसमोर टेम्पो थांबला. "आधी आप्पाचं औषध उरका," बबनमामा म्हणाले. "तवर मी स्टँडावरनं आजचा पेपर घेतो. बघू शिरूरातल्या पेपरात तरी भाव देत्यात का!"

मी आप्पांचा हात धरला आणि मेडिकलकडे जवळजवळ पळालो.

मेडिकलचा मालक चष्मा लावलेला, नीटनेटका माणूस. मी म्हणालो, "योजनेचा तक्ता आणलाय. पूर्ण भरलेला."

त्याचा चेहरा पडला. "पूर्ण? दाखवा."

मी सदरा काढला. बनियन वर केलं. तक्ता सोडवून काउंटरवर ठेवला. तक्ता कोरा होता!

एकही कुपन नाही. नुसते खण आणि खळीचे ओले डाग. मी खाली बघितलं. घामाने खळ सुटली होती आणि सगळीच्या सगळी कुपनं तक्ता सोडून माझ्या पोटाला चिकटली होती. तोंडं आत, पाठी बाहेर.

"कुपनं तक्त्यावर पाहिजेत," मालक म्हणाला.

"तक्त्यावरच होती. वाटेत त्यांनी पक्ष बदलला."

"असं चालणार नाही हो. नियम आहे."

"मग मोजून घ्या!" मी काउंटरवर पोट टेकवलं. मी इतक्या लांब आलो होतो, इतकी पापं केली होती. आता मागे हटणार नव्हतो. "एकही कमी निघालं तर मी तसाच घरी जातो."

तेवढ्यात दारात बबनमामा उभे राहिले. हातात नवा कोरा पेपर, कुठेही भोक नसलेला. त्यांनी पान सरळ केलं, उलट केलं, परत सरळ केलं.

"दिलप्या," ते हळूच म्हणाले, "हितं भाव हाय. आन् भावाच्या पाठीमागं औषधाचं कुपान हाय."

  त्यांची नजर माझ्या पोटावर गेली. ते दोन पावलं पुढे आले, वाकले आणि ओरडले, "आरं या रं समदी! हितं समदा महिना हाय!"

मेडिकलमध्ये न्हावऱ्याचे झाडून सगळे कांदेवाले घुसले. मी हात वर करून उभा. आप्पांनी खिशातून चष्मा काढला आणि माझ्या पोटाशी वाकले.

"घटस्थापनेचा कुठंय?"

"ह्यो बघ, बरगडीपाशी."

"चढलाय की रं! त्याच्या खालचा वाच."

"आणखी चढलाय."

"हलू नगंस! श्वास घेतला की वळी पळत्यात."

"पोटभर आकडे हायत, पर ह्या माणसाच्या पोटातलं बाहेर आलं न्हाई बघा महिनाभर!"

"आरं, दसऱ्याच्या तोंडावरचा बघ. बेंबीपाशी! हितं टॉप हाय!"

 सगळे माझ्या बेंबीकडे बघत होते.

"आन् बेंबीच्या खाली?" कुणीतरी विचारलं.

बबनमामांनी वाचलं. "बेंबीच्या खाली उतार हाय."

म्हणजे टॉपचा भाव येऊन गेला होता, आणि तो गेला तेव्हा मी त्याच्यावर खळ लावत होतो. भाव अगदी पडला नव्हता, आजही बरा होता. पण तो टॉप काही परत येणार नव्हता. मी डोळे मिटले. आता मार बसेल, तर निदान कुपनं सोडून कुठेतरी बसो, एवढीच प्रार्थना केली.

"मामा, मला उशिरा कळलं," मी म्हणालो. "कळल्यावर सांगायला पाहिजे होतं. पण एक ओळ राहिली होती, आणि आप्पा अडकित्त्यानं गोळ्या कापत होते. निम्म्या किमतीत आणली तरच रोज खाईन म्हणाले. काय करू मी?"

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

"अडकित्त्यानं?" बबनमामा म्हणाले.

"बारीक करून खाल्ली की लवकर लागू पडती," आप्पा पुटपुटले.

मालकाने घसा साफ केला. "तुमचं गावचं चालू द्या. पण नियमाप्रमाणे तक्ता कोरा आहे. मी सवलत देऊ शकत नाही."

बबनमामा सावकाश त्याच्याकडे वळले. आतापर्यंत माझ्यासाठी साठवलेला सगळा राग त्यांनी एका जागी गोळा केला, आणि तो माझ्या बाजूने वापरला!

"शेठ, आमच्या अख्ख्या गावाचा टॉप ह्या कुपनात गेलाय. ह्या गोळ्या आता ह्याच्या न्हाईत, आमच्या कांद्याच्या हायत. निम्म्यात देताय, का आम्ही समदी हितंच बसू? टेम्पोत गोण्या बी हायत. आतच आणून ठेवतो."

मालकाने आपल्या नव्या काचेच्या कपाटांकडे बघितलं, मग टेम्पोकडे बघितलं. मग मुकाट्याने मोजायला सुरुवात केली. बोटाने पोट टोचत, गुदगुल्या करत, मोजणी पुरी झाली. भरली! वापरलेलं कुपन परत येऊ नये म्हणून त्याने शिक्का उचलला आणि एकेका कुपनावर मारत गेला. घामाने काही कुपनं जागेवरून सरकत होती, त्यामुळे पुष्कळसे शिक्के थेट माझ्यावरच बसले: 'रद्द', 'रद्द', 'रद्द'.

(घरी सुमनने रॉकेलच्या बोळ्याने ते पुसायचा प्रयत्न केला. एक शेवटपर्यंत निघेना. "राहू द्या," ती म्हणाली, "बरोबर जागी पडलाय.")

गोळ्यांचं पाकीट बबनमामांनी स्वतः घेतलं आणि आप्पांच्या हातात ठेवलं. "आप्पा, ह्यात माझा कांदा हाय, ह्याचा हाय, त्याचा हाय. आता तुमी एक जरी गोळी चुकवली, तर आमचा कांदा फुकट नासला म्हणून समजू."

आप्पांनी तिथंच, मेडिकलमधल्या ग्लासातून पाणी घेऊन, पहिली अख्खी गोळी गिळली. सगळ्यांनी ती घशाखाली उतरेपर्यंत बघितली, आणि मगच टेम्पो मार्केट यार्डाकडे निघाला.

त्यानंतर आप्पांची सुटका नव्हती. पारावर बसले की कुणीतरी विचारणार, "आप्पा, आमचा कांदा घेतला का आज?" न्हावी दाढी करताना विचारणार, शिपाई सायकलवरून उतरून विचारणार. अडकित्ता शेजारच्या म्हातारीला देऊन टाकला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, पारा बघितला, परत बघितला. "वा! गोळी रोज चालू दिसते. विसरत नाही ना?"

"इसरायची सोयच न्हाई," आप्पा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्याचं तोंड दिसलं की टॉप आठवतो, आन् टॉप आठवला की डोकं तापतं. मग लगेच गोळी घेतो."

डॉक्टर म्हणाले, "उत्तम! हेच चालू ठेवा."

तेव्हापासून माझ्या वडिलांची गोळी सकाळी, जेवणानंतर वगैरे नसते. मी सोसायटीत जायला निघालो की असते. रविवारी मात्र मी दिवसभर घरीच असतो. त्या दिवशी मी सकाळी एकदाच त्यांच्यासमोरून जातो आणि उरलेला दिवस मागच्या दाराने ये-जा करतो. डोस जास्त व्हायला नको!